आजीच्या हातून नातीच्या हाती



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य मुलींना शिकवण्यात घालवलं. म्हणून आज शिकवण्याचीच एक वेगळी रीत तुमच्यापुढे मांडणार आहे. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांत वडीलधाऱ्या स्त्रियांनी पुढच्या पिढीच्या हाती काय दिलं, कसं दिलं आणि ते देता यावं म्हणून त्यांना कुणाकुणाशी झगडावं लागलं, हा आजचा विषय. तिथल्या अनेक समूहांत गेलेल्या माणसाचं नाव सहजासहजी उच्चारत नाहीत. मी घेणार आहे ती नावं पुस्तकांतून, न्यायालयांच्या आणि चौकशी आयोगांच्या कागदपत्रांतून, पुरस्कारांच्या याद्यांतून जगासमोर आलेली आहेत. तरीही तो संकेत मनात ठेवूनच ती घेते.

आणखी एक खुलासा. ‘ऑस्ट्रेलियाचे आदिवासी’ असा एक समाज नाही. १७८८ मध्ये इंग्रजांनी सिडनीच्या किनाऱ्यावर वसाहत केली तेव्हा त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा नांदत होत्या. प्रत्येक समूहाची जमीन वेगळी, पाणवठे वेगळे, कथा वेगळ्या. त्यामुळे आज भेटणारी प्रत्येक बाई सगळ्यांच्या वतीने बोलत नाही. ती आपल्या माणसांच्या आणि आपल्या भूमीच्या वतीने बोलते.

परंपरा घरात आपोआप मुरते, असं आपण धरून चालतो. आजी बोलते, आई करते, नात पाहते आणि काम होऊन जातं. घर शाबूत असेल तर हे बऱ्याच अंशी खरंही आहे. पण कायद्यानंच घर मोडलं तर? ऑस्ट्रेलियात नेमकं तेच झालं.

व्हिक्टोरिया वसाहतीनं १८६९ मध्ये आदिवासींच्या ‘संरक्षणा’चा कायदा केला आणि त्यांची मुलं कुणाच्या ताब्यात राहावीत, कुठं शिकावीत हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. न्यू साउथ वेल्सचा कायदा १९०९ चा. १९१५ च्या दुरुस्तीनं तिथल्या मंडळाला न्यायालयाची पायरीही न चढता मूल उचलण्याची मुभा मिळाली. त्यातही मुलींवर रोख अधिक होता. त्यांना कूटामंड्रासारख्या वसतिगृहांत घरकाम शिकवायचं आणि मग गोऱ्या कुटुंबांत मोलकरीण म्हणून पाठवायचं. मार्गारेट टकर यांना १९१७ मध्ये असंच नेलं. पुढे त्यांनी आदिवासींच्या हक्कांसाठी संघटना उभारण्यात भाग घेतला आणि १९७७ मध्ये आत्मचरित्र लिहिलं. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाचा अंदाज असा, की १९१० ते १९७० या काळात दर दहातल्या एकापासून दर तिनातल्या एकापर्यंत आदिवासी मुलं जबरदस्तीनं घरापासून तोडली गेली.

हे सारं ऐकताना आपण परक्या मुलखात नाही. १८६९ नंतर दोनच वर्षांनी, त्याच राजसत्तेच्या नावानं, हिंदुस्थानात ‘गुन्हेगार जमाती’ कायदा आला. १८९७ च्या दुरुस्तीनं या जमातींची मुलं आईबापांपासून वेगळी ठेवण्याची तजवीज झाली. सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण आपल्या स्मरणात आहे. तो कायदा देशभर रद्द झाला १९५२ मध्ये. दोन्हीकडचे तपशील वेगळे आहेत, हिशेब एकच आहे. एखाद्या समाजाला मोडायचं असेल तर त्याच्या म्हाताऱ्यांना मारावं लागत नाही. म्हातारे आणि मुलं यांच्यात अंतर पाडलं की पुरतं.

म्हणून माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं: संस्कृती झिरपत नसते, ती सोपवावी लागते. आणि सोपवण्यासाठी जागा लागते, निवांत वेळ लागतो, आणि ‘हे मी ठरवणार’ असं म्हणण्याचा अधिकार लागतो. ज्यांच्याविषयी मी सांगणार आहे त्या स्त्रियांनी हे मिळवलं. त्यांचं नेतृत्व ते हेच.

पहिलं नाव डोरीन कार्टिन्येरी यांचं. १९३५ चा जन्म, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नारिंजेरी समाजातल्या. १९४५ मध्ये आई गेली आणि तान्ही धाकटी बहीण सरकारी व्यवस्थेनं उचलून नेली. स्वतः डोरीनची रवानगी मुलींच्या वसतिगृहात झाली. शालेय शिक्षण बेताचं. पण या बाईंच्या डोक्यात नाती बसलेली होती: कोण कुणाची मावशी, कुणाचं लग्न कुठल्या वस्तीत झालं, कुठल्या घरातलं मूल कुठं गेलं. ॲडलेडच्या साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये मानवशास्त्रज्ञांनी जमवलेल्या वंशावळींचे कागद होते. डोरीनबाई तिथं कामाला लागल्या. कागदावरची नोंद वृद्धांच्या तोंडून ताडून पाहायची, वृद्धांची आठवण कागदावर उतरवायची, असं करत त्यांनी नारिंजेरी घराण्यांच्या वंशावळी ग्रंथरूपात आणल्या. तोडून नेलेल्या मुलांना आपलं घर कुठलं, हे सांगणारा कागद हाती आला. ज्या नोंदी त्यांच्या समाजाचा नमुना म्हणून ठेवल्या होत्या, त्यांचा उपयोग डोरीनबाईंनी माणसं परत जोडण्यासाठी केला. १९९५ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ साउथ ऑस्ट्रेलियानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

त्याच वर्षी त्यांच्यावर खोटेपणाचा शिक्काही बसला. ही हकिगत थोडी सविस्तर सांगते. मरी नदीच्या मुखाजवळ हिंडमार्श नावाचं बेट आहे. नारिंजेरी त्याला कुमारंग म्हणतात. तिथं पर्यटनाच्या सोयीसाठी पूल होणार होता. डोरीनबाई आणि त्यांच्याबरोबरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांचं म्हणणं असं, की त्या बेटाशी आणि भोवतीच्या पाण्याशी फक्त स्त्रियांनी स्त्रियांना सांगायचं ज्ञान निगडित आहे. १९९४ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी पुलावर बंदी घातली. ते ज्ञान ‘फक्त स्त्रियांनी वाचावं’ अशा सूचनेसह पाकिटबंद करून सरकारकडे दिलं होतं. ती पाकिटं चुकून विरोधी पक्षाच्या एका पुरुष नेत्याच्या कार्यालयात पोचली आणि उघडली गेली. त्या प्रकरणात त्याला पक्षातलं पद सोडावं लागलं. काही नारिंजेरी स्त्रियांनीच ‘आम्ही असं कधी ऐकलं नाही’ असं जाहीर केलं. चौकशीसाठी रॉयल कमिशन बसलं आणि १९९५ मध्ये त्यानं हे सगळं रचलेलं असल्याचा निष्कर्ष काढला. डोरीनबाई आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया कमिशनपुढं साक्ष द्यायला गेल्या नव्हत्या. पूल २००१ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी फेडरल कोर्टाच्या न्यायाधीशांनी सगळा पुरावा तपासून सांगितलं, की ते ज्ञान रचलेलं होतं हे सिद्ध झालेलं नाही.

या प्रकरणात एक पेच आहे. ज्ञान खरं ठरवायचं तर ते चारचौघांत उघडं करावं लागणार; उघडं केलं तर ज्या नियमानं ते ज्ञान आहे तो नियमच मोडणार. डोरीनबाईंनी न सांगण्याची बाजू घेतली आणि लबाड म्हणवून घेणं पत्करलं. आपण ‘वारसा’ म्हणतो तेव्हा सगळं सगळ्यांसाठी खुलं असावं, चित्रफीत व्हावी, संग्रहालयात लागावं असं गृहीत धरतो. या स्त्रियांच्या दृष्टीनं कुणाला, कधी, किती सांगायचं हे ठरवणं हाच सोपवण्याचा अर्धा भाग आहे. नात त्या वयाला आली, तिची तयारी दिसली, की पुढचं सांगायचं.

दुसरी कथा हातांची आहे. आग्नेय ऑस्ट्रेलियातली हवा थंड. तिथं पॉसमच्या कातड्यांची झूल पांघरत. पॉसम म्हणजे झाडांवर राहणारा, मांजराएवढा, पोटाला पिशवी असलेला प्राणी. बाळ जन्मलं की थोड्या कातड्यांची लहानशी झूल करायची, वय वाढेल तशी त्यात कातडी जोडत जायची, आणि माणूस गेला की त्याच झुलीत गुंडाळून पुरायचं. आतल्या बाजूला कोरलेल्या रेघा आणि गेरूचा रंग; त्यात घराणं आणि भूमी यांच्या खुणा. मग वसाहत आली, सरकारी कांबळी आली आणि झूल शिवणारे हात थांबले. एकोणिसाव्या शतकातल्या जेमतेम काही झुली जगातल्या संग्रहालयांत उरल्या. मेलबर्नच्या संग्रहालयात त्यांतल्या दोन होत्या: एक १८५३ ची, योर्टा योर्टा प्रदेशातली, दुसरी १८७२ ची, गुंडिचमारा प्रदेशातल्या लेक कोंडाची.

१९९९ मध्ये व्हिकी कझन्स, डेब्रा कझन्स, ली डॅरॉक आणि ट्रीआना हॅम या स्त्रियांनी ठरवलं, की या दोन झुली पुन्हा शिवायच्या. शिकवायला कुणी नव्हतं. जुनी झूल हीच गुरू. रेघा न्याहाळायच्या, टाके मोजायचे, वृद्धांना विचारायचं. पॉसम ऑस्ट्रेलियात संरक्षित प्राणी आहे, त्यामुळे कातडी आणावी लागली न्यूझीलंडहून. तिथं हाच प्राणी उपद्रवी म्हणून मारला जातो. कोरण्यासाठी शिंपल्याऐवजी तापवलेली सुई, शिवण्यासाठी कांगारूच्या स्नायूच्या दोऱ्याऐवजी मेण लावलेला दोरा. झुली तयार झाल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयानं त्या घेतल्या. तिथंच थांबलं असतं तर ती उत्तम प्रतिकृती ठरली असती. पण या स्त्रियांनी गावोगावी शिवणाचे वर्ग घेतले. २००६ मध्ये मेलबर्नला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा उद्घाटनाला व्हिक्टोरियातल्या ३५ भाषिक समूहांचे वडीलधारे आपापल्या समूहानं शिवलेल्या झुली पांघरून आले. आता नामकरणाला, पदवीदानाला, अंत्यविधीला झूल येते. आज त्या भागातल्या मुलीला झूल पाहायला काचेच्या पेटीसमोर उभं राहावं लागत नाही. ती घरातल्या कुणाच्या तरी खांद्यावर असते.

तिसरी गोष्ट जागेची. ऊजरू नूनुकल या कवयित्रीचं नाव आपल्याकडच्या साहित्यप्रेमींच्या कानावर असेल. आधीचं नाव कॅथ वॉकर. जन्म १९२० चा. ब्रिस्बेनजवळच्या मिन्जेरिबा बेटावर बालपण. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि घरकामाची नोकरी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात त्या महिला सैन्यदलात होत्या. १९६४ मध्ये त्यांचा कवितासंग्रह आला. आदिवासी लेखणीतून छापला गेलेला तो पहिला. १९६७ च्या सार्वमताच्या मोहिमेत त्या आघाडीवर होत्या. त्या काळची एक आठवण प्रसिद्ध आहे. शिष्टमंडळाबरोबर पंतप्रधान मेन्झीस यांच्याकडे गेल्या असताना त्यांनी पाहुणचार म्हणून मद्य पुढं केलं. कॅथबाईंनी त्यांना ऐकवलं, की क्वीन्सलँडमध्ये आदिवासी माणसाला मद्य दिल्याबद्दल तुम्ही तुरुंगात जाल. कायद्याचं पुस्तक न उघडता देशाच्या पंतप्रधानाला कायदा शिकवला.

सार्वमत जिंकलं. घटनेतली आदिवासींना वगळणारी कलमं नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी गेली. आणि ही बाई भाषणं सोडून १९७० च्या दशकाच्या आरंभी बेटावर परतली. मूंगाल्बा नावाच्या जागी एका कॅरॅव्हानमध्ये राहू लागली. तिथं शाळेच्या सहली येत, आदिवासी आणि गोरी दोन्ही मुलं येत. वर्षानुवर्षं हजारो आली. शिंपले कुठं शोधायचे, कुठलं मूळ खायचं, पोटाला लागेल तेवढंच का घ्यायचं, जागेची कथा काय. ज्या जमिनीवर हे चाललं ती त्यांच्या मालकीची मात्र नव्हती, आणि मालकीसाठी त्यांना अखेरपर्यंत झगडावं लागलं. वसाहतीच्या द्विशताब्दीचा उत्सव तोंडावर आला तेव्हा, १९८७ मध्ये, त्यांनी ब्रिटिश राजमुकुटाचा सन्मान परत केला आणि आपल्या समाजाचं नाव घेतलं. १९९३ मध्ये त्या गेल्या. बेटाच्या मूळ रहिवाशांचा, क्वांडमूका लोकांचा, हक्क न्यायालयानं मान्य केला २०११ मध्ये. शाळा आधी भरली, जमिनीचा निकाल त्यांच्या पश्चात अठरा वर्षांनी आला.

आता वाळवंटात जाऊ. मध्य ऑस्ट्रेलियात तीन प्रांतांच्या सीमा जिथं मिळतात त्या टापूत एनपीवाय विमेन्स कौन्सिल काम करते. १९८० ची ही संस्था. जमिनीच्या हक्काच्या वाटाघाटी चालल्या होत्या आणि सरकारी माणसं फक्त पुरुषांशी बोलत होती. बायकांनी आपली वेगळी संघटना काढली. तिचं कार्यक्षेत्र सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा मोठं, आणि वस्ती काही हजारांची. १९९५ मध्ये या बायकांनी वाळवंटातल्या गवताच्या टोपल्या विणायला सुरुवात केली. आज २६ वस्त्यांतल्या चारशेहून अधिक स्त्रिया विणतात. २००५ मध्ये त्यांतल्या काही जणींनी गवताची अख्खी टोयोटा गाडी विणली आणि देशातलं आदिवासी कलेचं सर्वांत मोठं पारितोषिक पटकावलं. गाडीच का, तर वाळवंटात गाडीशिवाय गवताला जाता येत नाही, शिकारीला नाही, मयताला नाही. गवत गोळा करायला निघालं की बरोबर नाती असतात. वाटेत पाणवठा लागतो, पाणवठ्याबरोबर त्याची कथा लागते: एका पुरुषाच्या तावडीतून पळत आकाशात गेलेल्या सात बहिणींची. आपण ज्यांना कृत्तिका म्हणतो त्याच त्या बहिणी. २०१७ मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात या कथेवर मोठं प्रदर्शन झालं, आणि त्यात या बायकांनी विणलेल्या बहिणी होत्या. याच संघटनेनं मुलांचं पेट्रोल हुंगणं थांबावं म्हणून हुंगून नशा न चढणारं पेट्रोल वाळवंटात आणण्याचा पाठपुरावा केला. टोपली आणि पेट्रोल या त्यांच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. नातू शुद्धीवर नसेल तर कथा कुणाला सांगायची?

तिथून दक्षिणेला कूबर पीडी हे ओपलच्या खाणींचं गाव. १९९५ मध्ये तिथल्या वृद्ध स्त्रियांनी कुपा पिटी कुंका जुटा हे मंडळ स्थापलं. १९९८ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलं, की देशातला किरणोत्सारी कचरा त्यांच्या प्रदेशात पुरायचा. या बायकांना त्या विषाची ओळख होती. ब्रिटननं १९५३ मध्ये ईमू फील्डला अणुस्फोट केले आणि पुढे मारालिंगाला; तेव्हा वस्त्यांवरून सरकलेल्या काळ्या धुक्याची आणि त्यानंतर आजारी पडलेल्या माणसांची आठवण त्यांच्यात होती. त्यांनी मंत्र्यांना पत्रं धाडली, शहरांत जाऊन बोलल्या, नाचल्या, गायल्या. आयलीन काम्पाकुटा ब्राऊन आणि आयलीन वानी विंगफिल्ड यांना २००३ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये न्यायालयानं जमिनीचं संपादन बेकायदा ठरवलं आणि सरकारनं योजना गुंडाळली. बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियात परदेशातला अणुकचरा आणण्याची चर्चा सुरू झाली. विरोधकांत पुढं होत्या करीना लेस्टर. काळ्या धुक्यानंतर ज्यांची दृष्टी गेली त्या यामी लेस्टर यांची ही मुलगी. भाषा जगवण्याचं काम करणारी. नागरिकांच्या पंचमंडळानं बहुमतानं प्रस्ताव नाकारला. वृद्धांनी नुसती आठवण सोपवली नव्हती. सरकारला नाही कसं म्हणायचं, ही रीतही पुढं गेली होती.

या सगळ्यात एक गोष्ट मला टोचते. अशा स्त्रियांबद्दल बोलताना ‘किती कणखर, किती सोशिक’ असं आपल्या तोंडून पटकन निघतं. त्या कौतुकात एक सोय दडलेली असते. बाई कणखर म्हटली, की तिच्यावर ओझं कुणी टाकलं हे विचारावं लागत नाही. पश्चिमेकडच्या फिट्झरॉय क्रॉसिंगचं उदाहरण घ्या. जून ऑस्कर, एमिली कार्टर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी २००७ मध्ये तिथं कडक दारूच्या घरी नेण्याच्या विक्रीवर निर्बंध आणवले. आपल्याकडच्या आडव्या बाटलीच्या लढाया आठवाव्यात, तसाच रोष त्यांनी घरातून आणि गावातून ओढवून घेतला. पुढं त्यांनी स्वतः डॉक्टरांना आमंत्रण दिलं: गरोदरपणात पोटात गेलेल्या दारूनं आमच्या मुलांचं काय झालं ते मोजा. सात ते नऊ वर्षांच्या जवळजवळ दर पाचातल्या एका मुलात त्याचा परिणाम आढळला. आपल्याच समाजाची दुखरी बाजू जगासमोर ठेवायची आणि त्याच वेळी उपचार, शाळेतली मदत, पैसा मागायचा, हे काम सोशिकतेनं होत नाही. त्याला हिशेबी डोकं आणि सत्तेशी बोलण्याची ताकद लागते. जून ऑस्कर २०१७ मध्ये देशाच्या आदिवासी सामाजिक न्याय आयुक्त झाल्या. त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री.

आणि तरी तो तोडलेला दुवा सगळा सांधला गेलेला नाही. मुलं अशी तोडून नेल्याबद्दल २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. पण आजही घराबाहेर, सरकारी देखरेखीत वाढणाऱ्या मुलांमध्ये दर दहातली चारांहून अधिक मुलं आदिवासी आहेत. देशातल्या मुलांत त्यांचं प्रमाण मात्र जेमतेम सहा टक्के. २०१४ मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या आज्यांनी ‘ग्रँडमदर्स अगेन्स्ट रिमूव्हल्स’ हा गट याच कारणासाठी काढला. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात, आदिवासींना संसदेपुढं सल्ल्याचा घटनात्मक आवाज द्यावा हा प्रस्ताव सुमारे साठ टक्के मतदारांनी फेटाळला.

मग आपण यातून काय घ्यायचं? मिरियम-रोझ उन्गुनमेर-बाउमन या नॉर्दर्न टेरिटरीतल्या पहिल्या पूर्ण प्रशिक्षित आदिवासी शिक्षिका, १९७५ च्या. पुढं त्या आपल्याच गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. गावाचं ज्ञान आणि शाळेची सत्ता एकाच बाईच्या हाती आली, म्हणून तिथलं मूल दोन्ही शिकू शकलं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवल्या. गुरं राखणारं मूल शाळेत येईना, तर शाळा कुरणावर नेली. ते पाऊल मोठं होतं. पण शाळा तिथं नेल्यावर शिकवणारं कोण, हा प्रश्न उरतो. आमच्या आश्रमशाळांतली मुलं आईबापांच्या संमतीनं येतात, ऑस्ट्रेलियासारखी उचलून आणलेली नसतात, हे मान्य. तरी वर्षातले कितीतरी महिने ती आजीपासून लांब असतात, आणि त्या शाळेच्या वेळापत्रकात आजीला तास नसतो.

तो तास द्यावा, एवढी माझी मागणी आहे. वारली, कातकरी, कोरकू, माडिया वस्त्यांतल्या जाणत्या बायकांना पाहुण्या म्हणून एका दिवसासाठी बोलावू नये. शिक्षिकेच्या मानधनावर, शिक्षिकेच्या अधिकारानं त्यांना वर्गात उभं करावं. आणि काय सांगायचं, काय राखून ठेवायचं, हे त्यांना ठरवू द्यावं. ज्या बाईंच्या नावानं आपण इथं जमलो, त्यांनाही मुलींच्या शाळेत उभं राहण्याचा अधिकार कुणीतरी आधी भांडून मिळवून दिला होता. आता ते भांडण आपल्या पिढीनं पुढच्या वर्गात न्यायचं आहे.